काटामावशीची सहा दिवसांची मोजणी

बसमध्ये माणसं किती, हे काटामावशीला मान वर न करता कळायचं. सव्वीस वर्षं कंडक्टर होती बाई! तपासनीस चढला की तो डोकी मोजायचा, आणि ही तिकिटाचं यंत्र पुसत सांगायची, “त्रेपन्न. आणि एक कडेवर.” निघायचे तेवढेच. तराजूचा काटा एक वेळ हलेल, ही हलायची नाही, म्हणून ती काटामावशी. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

राहायची ती टेकडीवर, खडीच्या खाणीजवळ. दोन खोल्या, वर पत्रा, खिडकीच्या चौकटीवर कायम पांढरी धूळ. घरात तिघी: ती, सून आणि सात वर्षांची नात. मुलगा खाणीतल्या अपघातात गेला त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हा सून माहेरी जाणार, असं सगळे धरून चालले होते. पण खाली शहरात, मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिला काम मिळालं, आणि पहाटेची सतरा नंबर दाराशी यायची म्हणून तिला ते करता आलं. ती बस होती म्हणून घर एक होतं. “सासू-सुनेचं एवढं जमतं कसं गं?” शेजारणी विचारायच्या. “दिवसभर भेटतच नाही आम्ही, भांडणार कधी?” मावशी म्हणायची आणि सूनही हसायची.

मग सरकारचा अभ्यास निघाला. देशभरात माणसं कशी ये-जा करतात, कुठे अडतात, आणि कुठल्या मार्गाला किती निधी द्यायचा, हे त्यातून ठरणार होतं. त्याचे साहेब स्वतः टेकडी चढून मावशीच्या घरी आले. लोखंडी पलंगावर बसले, दोन कप चहा प्यायले, नातीच्या वहीत विमान काढून दिलं. म्हणाले, “मावशी, लोक झाडाखाली बसून अंदाजे आकडे टाकतात. मला खरा आकडा हवाय. तुमच्यासारखं माणूस मिळालं तर या मार्गाचं भलं होईल.” एवढा मोठा माणूस आपल्याला ‘मावशी’ म्हणतो, याचंच तिला अप्रूप. त्यांना पोचवायला ती थेट वळणापर्यंत गेली.

काम सोपं होतं. सहा दिवस शेवटच्या थांब्यावर बसायचं, सुटणाऱ्या प्रत्येक गाडीत किती चढले ते छापील कागदावर लिहायचं. मावशी पहाटे स्टूल घेऊन जायची ती दिवे लागल्यावरच उठायची. पहिले तीन दिवस सगळं सुरळीत झालं. चौथ्या दिवशी सकाळच्या दोन गाड्या आल्याच नाहीत. डेपोत फोन केला तर उत्तर आलं, “बिघाड आहे, मावशी.” पाचव्या आणि सहाव्या दिवशीही तेच. थांब्यावर माणसं ताटकळली, शिव्या देत पायी उतरली, काही घरी परतली. सुनेचे दोन खाडे पडले, तिसऱ्या दिवशी ती सात किलोमीटर चालत गेली.

आता चढलंच नाही कोणी, तर लिहायचं काय? चढलेले शून्य. मावशीने शून्य लिहिलं. बाजूच्या टपरीवाल्याने सुचवलं, “अगं, टाक की चाळीस-चाळीस! रोज असतातच.” ती त्याच्यावर कडाडली, “नसलेल्या माणसाला मी बसमध्ये बसवत नाही!” पण तिने एक केलं. माघारी फिरलेली माणसंही मोजली आणि कागदाच्या मागे लिहिली: गाडी आली नाही, एकसष्ट माणसं परत गेली. पाचव्या दिवशी अठ्ठावन्न. सहाव्या दिवशी चौसष्ट. कागद देताना तिने साहेबांना मागची बाजू उलटून दाखवली. “हे मी स्वतः वाचीन,” ते म्हणाले, “शब्द देतो.” मावशी निर्धास्त घरी आली.

पाच महिन्यांनी अहवाल आला. सतरा नंबर बंद. ‘सहापैकी तीन दिवस सकाळी एकही प्रवासी नाही,’ असं छापलं होतं, आणि खाली ‘अनुभवी मोजणीदाराच्या अचूक नोंदीवरून’. शेजारच्या टेकडीवर झाडाखाली बसून आकडे टाकले होते, तिथे तीन नव्या गाड्या मंजूर झाल्या. डेपोच्या चौकीवर ठेवलेला तो अहवाल मावशीने चष्मा लावून पान पान बघितला. मध्ये एक फोटो होता. अभ्यास मंडळाचे पाहुणे पाहणी दौऱ्यावर, हसत उभे. मागे दोन बस. एकीच्या दाराखाली पोचा होता. तो पोचा कुठल्या वळणावर पडला हे मावशीला तोंडपाठ होतं. फोटोखाली तारीख होती, तिच्या मोजणीच्या चौथ्या दिवसाची. आणि दारात उभे राहून हात हलवत होते ते साहेब.

म्हणजे गाड्या बिघडल्या नव्हत्या, यांनीच नेल्या होत्या. केसाने गळा कापला मेल्याने, आणि सुरी माझ्याच हातात दिली!

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. साहेबांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. तिने चहाला हात लावला नाही.

“गाड्या तुम्ही नेल्यात?”

“चाळीस पाहुणे होते, मावशी. डेपोने दिल्या त्या घेतल्या.”

“मग शून्य आलं ते कुणामुळे?”

“मागची बाजू मोजणीत धरत नाहीत. नियम आहे तसा.”

“तुम्ही शब्द दिला होता!”

“वाचीन म्हणालो होतो. वाचलं ना मी.” साहेब अगदी शांतपणे म्हणाले. “खूप नीट लिहिलंय तुम्ही.”

मावशी उठली. सव्वीस वर्षांत फुकट्या प्रवाशालाही न दिलेली शिवी तिने त्या ऑफिसात दिली. शिपाई हसला, पण दार त्याने आदराने उघडलं.

वस्तीत बायकांनी बोलणं टाकलं. नळावर तिची कळशी आली की गप्पा थांबायच्या. “काट्याने आपल्यालाच टोचलं,” कोणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं. साहेबांना शिव्या घालायला ते कुठे होते? मावशी समोर होती.

सून महिनाभर चालत गेली. पाय सुजले, दोनदा उशिराची नोटीस आली. शेवटी दवाखान्याने कामगारांच्या चाळीत एक खोली देऊ केली, दोन माणसांपुरती. तिने दोन पिशव्या भरल्या, नातीची वह्या-पुस्तकं वेगळी बांधली. मावशी उंबऱ्याशी बसून बघत होती.

“आई,” सून घड्या घालता घालता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “तीन दिवस खोटं लिहिलं असतंत, तर काय बिघडलं असतं?”

जन्मभर मावशी या प्रश्नावर लोकांना झापत आली होती.

“काही नाही गं,” ती म्हणाली. “काहीसुद्धा बिघडलं नसतं.”

मग तिने जड पिशवी उचलली आणि दोघींना पोचवायला टेकडी उतरू लागली.