काळ्या समुद्राकाठच्या थकबाकीदार

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की श्यामलाकाकू फोनवर तापमान बघायच्या. आमच्या पुण्यातल्या धायरीचं नाही, जॉर्जिया देशातल्या, काळ्या समुद्राकाठच्या एका गावाचं. आकडा दोनच्या खाली दिसला की गॅस बारीक करून म्हणायच्या, "लागला मेल्यांचा हीटर." तिथल्या त्यांच्या रिकाम्या घरात नळ गोठू नयेत म्हणून इमारत सांभाळणारी कंपनी हीटर लावायची आणि बिल इथे पाठवायची.

घर कसलं, एक खोली. आठव्या मजल्यावरची, गॅलरीतून समुद्र दिसणारी. काकांनी ती निवृत्तीच्या पैशांतून घेतली. एका हॉटेलात चहा-सामोशांबरोबर माहितीचा कार्यक्रम झाला, पडद्यावर निळं पाणी हललं, आणि जन्मभर भाजी पारखून घेणारा माणूस सही करून आला. "दर उन्हाळ्यात जाऊ," ते म्हणाले. दोघं गेले एकदाच, नऊ दिवस. पुढच्या वर्षी काका वारले.

खोली काकूंच्या नावावर झाली. तिच्यामागून देखभाल आली, विमा आला, पोहण्याच्या तलावाची सफाई आली, पैसे पाठवायचं बँकेचं शुल्क आलं. परदेशातली मालमत्ता आयकराच्या विवरणात दाखवायची म्हणून सीएची वेगळी फीही आली. "मला पोहता येत नाही," काकू सांगायच्या, "पण तलाव माझ्यामुळे स्वच्छ आहे."

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. कंपनीला जाणारी त्यांची इंग्रजी पत्रं मीच टाइप करायचे. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असायचा. 'हिशोब दाखवावा, सभेची तारीख कळवावी.' उत्तर एकच, आपोआप आलेलं: प्रिय मालक, आपला निरोप मिळाला.

काकू चौदा वर्षं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. आमच्याकडे देखभालीचे पैसे थकवणाऱ्याचं नाव जिन्याखालच्या फलकावर लागतं. मग तो वार्षिक सभेत तणतणत येतो, सगळे ऐकून घेतात, दंड निम्मा होतो, चहा होतो. तिकडेही असंच असणार, हे काकू धरूनच चालल्या होत्या. पत्रांना दोन वर्षं खरं उत्तर मिळालं नाही, तेव्हा त्यांनी पैसे भरणंच थांबवलं.

"लावू देत माझं नाव फलकावर. सभेला बोलावतील ना? तिथे उभी राहून सांगते, तुमची खोली तुम्हीच घ्या."

सभा झालीच नाही. तिथे सोसायटीच नव्हती, नुसती कंपनी होती. सहा महिन्यांनी ईमेल आला: थकबाकीमुळे आपल्या दाराचं कुलूप बदललं आहे. खाली नव्या कुलपाची किंमत आणि ते बसवण्याची मजुरी.

"माझ्याच दाराचं?" काकूंनी विचारलं.

"हो, काकू."

"माझ्याच पैशांनी?"

"हो."

"आणि किल्ली?"

"त्यांच्याकडे."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चोरसुद्धा कुलपाचे पैसे मागत नाही गं."

त्या ईमेलची सुरुवातही 'प्रिय मालक' अशीच होती. सभ्य भाषा मला याआधी कधी इतकी किळसवाणी वाटली नव्हती.

त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली. काकूंना ऑपरेशनची भीती नव्हती. भीती होती ती खोली मुलीच्या नावावर जाण्याची. अस्मिता विनाअनुदानित शाळेत शिकवते. पगार कधी वेळेवर होत नाही. खोली विकायला काढली तर घेणारा मिळेना. तशा कितीतरी खोल्या तिथे पडून होत्या. शेवटी कंपनीनं कळवलं, खोली परत घेऊ. आधी सगळी थकबाकी भरा, वर नाव बदलण्याचं शुल्क भरा.

"आई, हा दरोडा आहे! आपण कोर्टात जाऊ."

"कुठल्या? तिकडच्या? वकील त्यांचा, तिकीट माझं. अस्मे, मी असेपर्यंत हे मिटू दे. तुला 'प्रिय मालक' म्हटलेलं मला वरूनही ऐकवणार नाही."

पाटल्या मोडायला मी बरोबर गेले होते. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफानं वजन करता करता हसून विचारलं, "घर घेताय वाटतं, आजी?"

"नाही. देतेय," काकू म्हणाल्या. "वजन नीट करा."

पैसे गेले. नोटरीचे शिक्के मारलेले कागद कुरिअरनं गेले. मग नुसती वाट बघणं. ऑपरेशनची तारीख आली तरी तिकडून अवाक्षर नव्हतं. त्या दिवशी काकूंना आत न्यायच्या अर्धा तास आधी अस्मिताचा फोन वाजला. तिनं पलंगाशेजारी उभं राहून ईमेल मराठीत वाचून दाखवला: खोली आता आपल्या नावावर नाही, यापुढे आपल्यावर किंवा आपल्या वारसांवर कोणतंही देणं नाही.

"परत वाच. सावकाश."

अस्मितानं परत वाचलं. 'वारसांवर' या शब्दाशी काकूंनी डोळे मिटले, आणि मला वाटलं, मुलीपुरती ही एक ओळ द्यायला या लोकांनी एका बाईला किती लुटलं.

ऑपरेशननंतर काकू शुद्धीवर आल्या नाहीत. आत नेताना चाकांची खाट दाराशी थांबली होती, तेव्हा अस्मिताचा हात धरून त्या म्हणाल्या, "त्यांना ईमेलची पोच पाठव. आणि जेवून घे, इथलं कॅन्टीन दोनला बंद होतं."