छत्तिसाव्या अंकाचं शेवटचं पान

त्या बाइंडरला अख्खी गल्ली पुठ्ठेकाका म्हणत असे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं. पण पाटी मोडल्यावर काकांनी ती स्वतःच दुरुस्त केली, आणि दुरुस्तीच्या पुठ्ठ्याखाली नाव कायमचं गेलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे प्रबंध, वकिलांचे कागद, गाण्याच्या वह्या शिवल्या आणि त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. "वाचत बसलो तर शिवू कधी?" असा त्यांचा सवाल असे. माणसांचीही पारख ते पुस्तकासारखीच करत. कुणी फार बडबड करून गेला की म्हणत, "कव्हर चांगलं आहे, शिवण सैल आहे."

अशा माणसाच्या हाताखाली त्या मंगळवारी एक पातळ अंक आला आणि दाभण हातातच राहिला.

एक वाचनालय बंद पडलं होतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी जुन्या अंकांचा गठ्ठा पाठवला होता, जमलं तर शिवा, नाहीतर रद्दीत घाला, अशा निरोपासह. त्यात तो होता. काळातून प्रवास करणाऱ्या भावाबहिणीच्या चित्रकथेचा छत्तिसावा अंक. शेवटचा.

काका सहा वर्षांचे असताना ही चित्रकथा दर महिन्याला घरी येई. एक दाढीवाला प्राध्यापक, एक बहीण, तिचा धाकटा भाऊ, आणि उलट्या बादलीसारखं दिसणारं यंत्र. बादलीला एकच लाल बटण. ते दाबलं की मंडळी कधी राक्षसी सरड्यांच्या जंगलात, तर कधी दोन हजार सालात. त्या सालातली माणसं पाठीला पंखे बांधून कामावर जात. ते साल आलं आणि गेलं, काकांच्या दुकानातला छताचा पंखासुद्धा अजून धड फिरत नाही, ही गोष्ट वेगळी.

वाचायची ती ताई. ती बारा वर्षांची. दोघं कॉटखाली पालथी पडत. नियम ठरलेला: पान ताईनेच उलटायचं, आणि पहिल्या पानावरच्या यंत्राचं बटण धाकट्याने दाबायचं. दाबताना तोंडाने 'घुर्रर्र' करायचं, दम संपेपर्यंत.

छत्तिसाव्या अंकात यंत्र बिघडलं. आतून चालेना. कुणीतरी बाहेरून खिट्टी ओढली तरच निघणार. म्हणजे ओढणारा मागे राहणार, हजारो वर्षं मागे, एकटा. कोण राहणार? ते शेवटच्या पानावर होतं, आणि शेवटचं पान घरच्या अंकात नव्हतं.

"छापायलाच विसरले मेले," ताई म्हणाली होती.

ते का नव्हतं, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी त्याने पहिल्या पानावरचं यंत्र कापून बेरजेच्या वहीवर डकवलं होतं. मधे पिना मारलेल्या अंकात पहिलं पान आणि शेवटचं पान हा एकच कागद असतो. एक कापलं की दुसरं सुटतं. हे सहाव्या वर्षी त्याला कळलं नाही. बाइंडर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तेव्हापासून पोटात राहिलं.

ताई आता सदुसष्ट वर्षांची. साखरेच्या आजाराने डोळे गेलेले, आणि डॉक्टरांनी "आता घरीच असू द्या" असं सांगून महिना झालेला. काकांना दोनच गोष्टी करायच्या होत्या: तिला शेवट वाचून दाखवायचा, आणि कबुली द्यायची. उशीर करून चालणार नव्हतं.

त्यांनी पिना काढल्या, जीर्ण कागदाला कडेने पातळ पट्टी लावली, दोऱ्याने शिवलं.

"अहो, तो प्रबंधवाला सकाळपासून बाकड्यावर बसलाय," काकू करवादल्या, "आणि तुम्ही पोरांचं चित्रांचं पुस्तक कसलं शिवताय?"

"त्याला म्हणावं, प्रबंध कुठे पळून जात नाही."

शिवता शिवता शेवटचं पान समोर आलं. काकांनी ते वाचलं. मग बराच वेळ नुसता दोरा ओढत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताईच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले.

"ताई, ते यंत्र मीच कापलं होतं."

"माहीत आहे. बेरजेच्या वहीवर होतं. उलटं डकवलं होतंस, ठोंब्या."

पंचावन्न वर्षं जपलेला गुन्हा असा एका वाक्यात निकाली निघाला. काकांना जरा अपमानच वाटला. मग ते वाचू लागले. पान संपलं की ताई चाचपून कोपरा शोधी आणि ते उलटत असे. नियम म्हणजे नियम.

शेवटचं पान आलं. काका थांबले, खाकरले, आणि म्हणाले, "मग... प्राध्यापकांना दोरी सापडली. खिट्टी आतूनच ओढली. सगळे घरी आले. आईने सगळ्यांना गरम दूध दिलं."

"दूध?" ताई म्हणाली. "छत्तीस अंकांत त्या पोरांना कुणी पाणी विचारलं नाही, आणि आता दूध?"

काकांनी पानाचा कोपरा अंगठ्याने सपाट केला.

"आपल्या अंकातलं ते पान कॉटखाली पडलं होतं," ताई म्हणाली. "मी वाचलं आणि काडी लावली."

"का?"

"हे थोडं आधी झालं असतं, तर मीही असंच दुधाबिधाचं काहीतरी वाचून दाखवलं असतं. पण तुला नुकती अक्षरं लागायला लागली होती. बोट ठेवून वाचायचास. फसवणार कशी?" तिला धाप लागली. "आता छापलंय तसं वाच."

"राहू दे ना, ताई."

"तेव्हा तू सहा वर्षांचा होतास, म्हणून राहू दिलं. आता एकसष्टचा आहेस." थोड्या वेळाने ती म्हणाली, "कुणालातरी बाहेर थांबायलाच लागतं रे. वाच."

काकांनी वाचलं. धाकटा भाऊ बहिणीला यंत्रात ढकलतो आणि म्हणतो, "तू बस. मी दार लावतो." पुढच्या चौकटीत शब्दच नव्हते. वाळूवर बादलीची गोल खूण होती आणि तिच्या कडेला तो उभा होता. त्याचा हात अजून खिट्टी धरल्यासारखा वर होता. हे काकांनी तिला सांगितलं. नीट, काहीही न गाळता.

ताईने कोपरा चाचपला. उलटायला पान उरलं नव्हतं. तिने अंक हातात घेऊन फिरवला आणि पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरला.

"दाब," ती म्हणाली.

एकसष्ट वर्षांच्या, मिशा पिकलेल्या बाइंडरने लाल बटणावर अंगठा ठेवला. त्या अंगठ्यावर खळीचे डाग होते. ताईचे डोळे मिटलेले होते, पण ओठ हसायच्या तयारीत होते.

काकांनी छाती भरून श्वास घेतला आणि 'घुर्रर्र' सुरू केलं. आवाज ऐकून ताईची मुलगी बाहेरून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. दम संपेपर्यंत त्यांनी तो आवाज सोडला नाही.