सवाष्ण हवी होती म्हणून

मुलांनो, तुमच्या मिरजगावच्या मोठ्या आजीने, म्हणजे माझ्या थोरल्या जावेने, सांध्यांसाठी दिलेली आठवड्याची गोळी परस्पर बंद केली. त्या गोळीने प्रतिकारशक्ती मरते, असं कुणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. मी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण जाऊबाईंच्या मते ते गोळ्यांच्या कामाचं नाही. दोन महिन्यांत त्यांना चहाचा कप एका हाताने उचलता येईना. मग त्या उपचारासाठी माझ्याकडे नगरला राहायला आल्या, पण डॉक्टरांकडे जाईनात.

तेवढ्यात इथल्या कॉलेजात प्रतिकारशक्तीवर संशोधन करणाऱ्या एका बाईंचं व्याख्यान ठरलं. मी जाऊबाईंना घेऊन गेले. प्रश्न कागदावर लिहून नेला होता, तीन उपप्रश्नांसह.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि प्रास्ताविक यांतच पाऊण तास गेला. बाई मात्र सोपं बोलल्या. राखणीचं कुत्रं कधी कधी घरच्यांनाच चावतं, तशी काही आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, असं त्यांनी सांगितलं.

जाऊबाई माझ्या कानाशी आल्या. "कुत्रं कळलं. पर माजी गोळी घ्यायची का न्हाई?"

"शेवटी प्रश्नोत्तरं आहेत. मी विचारते."

प्रश्नोत्तरं झालीच नाहीत. हॉल पाचला रिकामा करायचा होता आणि सत्कार राहिला होता. पाहुण्या स्त्री, म्हणजे हळदीकुंकू आणि खण-नारळ, म्हणजे सवाष्ण हवी. एक प्राध्यापिका लगबगीने माझ्याकडे आल्या, माझ्या कपाळाकडे पाहून "सॉरी मॅडम" म्हणाल्या आणि शेजारून जाऊबाईंना घेऊन गेल्या.

जाऊबाईंनी कुंकू लावलं. नारळ मात्र बोटांत राहिना. बाईंनी तो खालून धरला. माईक चालूच होता.

"ही बोटं बगा. गोळी बंद केली म्या. आता तुमचं ते कुत्रं सुटलंय का बांदल्यालं हाय?"

"सुटलंय, आजी. गोळीने ते बांधलेलं होतं. बंद करताना डॉक्टरांना विचारलं होतं?"

"न्हाई. मोबाईलनं सांगितलं."

हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. "मी संशोधक आहे, औषध देणारी डॉक्टर नाही. आता मनाने सुरूही करू नका. उद्याच तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि बंद केली होती, हे सांगा."

"रागावत्याल."

"रागावू द्या. पण जा."

सगळं मिळून मिनिटभर लागलं. माझ्या पहिल्याच उपप्रश्नाला त्याहून जास्त लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डॉक्टर रागावले, पण माझ्यावर. रक्त तपासून त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, दर रविवारी एक. खुणा करायला जाऊबाईंना कागद हवा होता. मी पर्समधला प्रश्नाचा दिला, मागची बाजू कोरी होती. त्यांनी तो आधी उलटून पाहिला.

"इंग्रजीत हाय व्हय? बरं झालं, तू न्हाई इचारलंस."

त्यावर आता अकरा खुणा झाल्या आहेत. काल त्यांनी चहाचा कप एका हाताने उचलला. मला दाखवला नाही. मी पाहिलं.