हौलदार आबांचा रिपोर्ट

पेटी बाळूच्या अंगावर आली न्हाई, एवढीच देवाची मेहेरबानी. मी आबांचा सोपा सारवत हुते, हात शेणानं भरलेले, आन् मागं धाडदिशी आवाज झाला. वळून बगते तर हौलदार आबांची रेडिवची पेटी भुईवर पालथी, तिच्यावरचा रुमाल बाळूच्या मुठीत, आन् बाळू तोंड वासून, आवाजच फुटंना त्याचा. तसाच उचलला, शेणाच्याच हातानं डोकं चाचपलं, पाठ चाचपली, तवा कुठं त्यो रडला आन् माजा जीव खाली पडला. मंग ध्यान पेटीकडं गेलं. मागची फळी निखळली हुती. आबा म्हनायचे, आत ब्याटरी हाय, पाच शेराचं धूड, तिला शिवू नगा, तिजाबानं हात भाजंल. आत ब्याटरी न्हवतीच. कोळ्याचं जाळं हुतं, आन् जाळ्यामागं एक घडी घातलेला कागद. सरकारी शिक्क्याचा.

कागद इंग्रजी. पर वरचा नंबर मला वळकू आला. बाळूच्या बाचा पलटणीतला नंबर त्यो, दर पत्रावर बगून बगून डोळ्यात बसलेला. कागद उलटा केला तर मागं पेन्शिलीनं मराठी, आबांच्या हातचं. मी तिसरीपतुर शिकलेली, अक्षराला अक्षर लावून वाचलं. ‘गडी लढाईत सापडत नाही. मेला का जिता, कळत नाही. कळल्यावर सरकार कळवील.’ खाली मिती श्रावणातली, बाळूच्या बारशाच्या आदल्या दिवसाची. आन् मी सारवत हुते ते फाल्गुनात.

तुमी आबास्नी कवा बगितलं न्हाई, म्हनून सांगते. त्यास्नी बगून कुनालाबी वाटलं नसतं, ह्यो मानूस खोटं बोलंल. वाळक्या बोरीसारखं अंग, खाकी सदरा, सदऱ्याला एक गुंडी कायम कमी. पयल्या लामाला, म्हंजे मागल्या मोठ्या लढाईला, ते तारायंत्रावर हुते. घरात मानूस कुनी न्हाई. तो रेडिव त्यास्नी म्हाबळेश्वरच्या एका सायबानं मुलूख सोडताना दिल्याला. कोरेगावपासनं वर आमच्या गावापतुर तवा दुसरं असलं कायबी न्हवतं. त्याला मोठ्यानं बोलाय यायचं न्हाई. कानाला दोन काळ्या वाट्या लावायच्या, तवा ऐकाय यायचं, तेबी एकाच मान्साला. ब्याटरी उतरली की आबा सर्विस मोटारीनं साताऱ्याला न्यायचे, चारज करून मांडीवर घेऊन यायचे, लेकरू आनावं तशी.

दिवेलागनीला आमी लामावर गेलेल्या गड्यांच्या बायका त्यांच्या सोप्यात जमायचो. आबा वाट्या लावून डोळं मिटायचे, आन् आमी सगळ्या त्यांच्या तोंडाकडं बगत बसायचो. मंग वाट्या काढून एकेकीला सांगायचे, पलटणीतल्यागत ताठ बसून, “सखू, रिपोर्ट ओके! शेवंता, रिपोर्ट ओके! लई पाऊस हाय तिकडं ब्रम्हदेशात, पर गडी सुक्यात हाय.” आमाला वाटायचं, दिल्लीत कुनी सायेब बसून पलटणीगणिक नावं वाचत आसंल. आमाला काय ठावं!

आबांचं एक म्हननं हुतं, “वारा सगळ्यांचा, पर ज्याचा कान त्याची बातमी.” आन् पुढचं सांगाय लागले की थांबायचे न्हाईत. “पोरींनो, उद्या जात्याला इंजन लागंल. हिरीवर बटन दाबलं की पानी वर. चुलीत फुकायला नगं. तवा दिसभर काय करशीला गं?” सखू म्हनायची, “सासूसंगं भांडू की, आबा, आता येळ कुठं घावतोय!” सोपा हसून हसून पडायचा. माज्याकडं बगून एकदा म्हनले, “शेवंता, अशी येळ येनार हाय, तू हितं बसून त्याचा आवाज ऐकशील. त्यो तिकडं खोकला की तू हितं हळद-दूध ठेवशील.” माजं पोट तवा पुढं आल्यालं. त्या रातीला मी आत्तीला, म्हंजे माज्या सासूला, त्ये सांगितलं, तर ती म्हनली, “खोकल्याशिवाय दुसरं काय ऐकाय नगं का तुला?” आन् लाजून माजा पदर तोंडात गेला.

आबा भलेच हुते. ह्ये मी आजबी म्हनते. बाळू झाला तवा गावात धा घरं फिरून त्यांनी माज्यासाठी डिंक गोळा केला. बारशाला पाळण्याची दोरी त्यांनीच वळली. आता मला कळतंय, ती दोरी वळताना त्यो कागद त्यांच्या खिशात हुता. आन् घुगऱ्या खाणाऱ्या निम्म्या बायकास्नी ठावं हुतं. संक्रांतीला ज्या बायांनी माज्या कपाळाला कुकू लावलं, त्यास्नीबी ठावं हुतं. मी एकटीच उखाणा घेत बसलेली, येड्यागत, मोठ्यांदी.

आन् सगळ्यात मला जे टोचतंय ते ह्ये. दिवाळीच्या सुमाराला जतकडचा एक धनगर गडी आमच्या दारात आला. डावा हात फडक्यात बांदलेला. ह्यांच्याच तुकडीतला. पयल्यांदा आबांकडं गेला हुता, मंग आबाच त्याला घिऊन आले. मी गुळाचा च्या दिला. त्यो कपबशी हातात धरून बाळूकडं बगतच बसला. च्या निवून गेला. मी दाराआडनं इचारलं, “भावजी, हे कसं हायेत?” त्यानं मान वर केली. माज्याकडं न्हाई बगितलं, आबांकडं बगितलं. आबा म्हनले, “रिपोर्ट ओके हाय म्हनावं, गड्या.” त्यो गडी उठला. म्हनला, “वैनी, पोरगं बापावर गेलंय.” एवढंच. आन् गेला. मी आपली खूश, जतपतुर पायी जाईल म्हनून भाकरी बांदून दिल्या त्याला! शेवटचं ह्यास्नी बगितल्यालं मानूस माज्या दारात बसलं हुतं, आन् मी त्याला भाकरीसंगं तिखाट चटणी चालंल का त्ये इचारत हुते. पुन्हा त्यो लामावर गेला. त्याचं नावगावबी मी इचारून घेतलं न्हाई.

तर त्या दिशी मी कागद हातात घिऊन बसलेली, बाळू काखंत, आन् आबा दारात आले. पडलेली पेटी बगितली, माजा हात बगितला. उंबऱ्यावरच बसले.

मी म्हनले, “आबा, ब्याटरी कवा गेली?”

“दसऱ्याला. नवी मिळंना कुठं. लढाईमुळं.”

“मंग रोज वाट्या लावून काय ऐकत हुतासा?”

“काय न्हाई गं. माज्याच कानातली शीळ.”

“आवं, मी रोज येत हुते! लेकराला दूध पाजायचं सोडून पळत येत हुते!”

“कागद तुज्या सासऱ्यानं माज्याकडं वाचाय आनला, आन् तुज्या सासूनं माजं पाय धरलं, पोरी. म्हनली, बाळंतिणीला असलं कळलं की दूध आटतं. पोराला वरीस व्हऊ द्या, भाकरीचा तुकडा चावू द्या, मंग सांगू. मला नातू तरी राहू द्या, म्हनली. शेवंता, मी तीस वर्सं पलटण बगितली. खोटा मेसेज कवा धाडला न्हाई.”

“मलाच धाडला व्हय पयला!”

घरी आले तर आत्तीनं माज्या तोंडाकडं बगितलं आन् वळकलं. चुलीम्होरं बसली, आन् मंग हंबरडा फोडला. आट म्हैने दाबून धरलेला. माजं रडू बाजूला राहिलं, तिलाच पानी द्यावं लागलं. आन् खरं सांगू का? तीन दिसात माजं दूध गेलं. बाळू छातीला लागायचा आन् रडायचा. आत्ती म्हनली, “बग, मी म्हनत हुते का न्हवते?” आटपाडीकडनं माज्या भावानं नुकतीच व्यायलेली शेळी आनून बांदली, तिच्या दुधावर बाळू तगला. पर शेळी येईस्तवर आठ दिस त्यानं जे हाल काढलं त्ये माजं मला ठावं.

मी आबांच्या दारात पाय टाकायचं सोडलं. मंग एक दिस तेच आले. सांगलीला जाऊन कुठनं तरी ब्याटरी पैदा केली हुती, दोन दिस घालवून. पेटी आमच्या सोप्यात मांडली, तारा जोडल्या, आन् वाट्या माज्या पुढं धरल्या. “घे. ह्या खेपंला मदी मी न्हाई.”

आत्तीसमोर डोकीवरचा पदर सारून मी वाट्या लावल्या. पयल्यांदा नुसतं खरखर, चुरमुरं भाजल्यागत. आन् मंग एकदम मान्साचा आवाज, माज्या कानात, श्वास घेतल्यालासुदिक कळावं एवढा जवळ. अंगावर काटा आला. इतक्या लांबनं, खांब न्हाई, तार न्हाई, आन् मला एकटीला सांगत हुता जणू. हिंदुस्थानीतलं निम्मं कळलं, निम्मं न्हाई. कुठं किती हाटले, कुठला पूल पडला, कुठली बोट आली. मी दम धरून ऐकत राहिले, आता नावं वाचतील, आता वाचतील. मंग गानं लागलं.

मी वाट्या काढल्या. “आबा, नावं कवा वाचत्यात?”

आबांनी वाट्या पेटीवर ठिवल्या. “नावं वाचत न्हाईत, पोरी.”

“मंग आदी? ब्याटरी जिती हुती तवा? बाळू पोटात हुता तवा?”

“तवाबी न्हाई. तुमी रांगंनं तोंडं करून बसायच्या. काय सांगू मी? पूल पडला म्हनून सांगू?”

म्हंजे पयल्या दिसापासनं. त्यो पाऊस, त्यो सुक्यात आसल्याला गडी, समदं त्यांचंच. यंत्र खरंच बोलत हुतं, पर आमच्या कानाला लागायच्या आदी त्ये एका मान्साच्या मायेतनं जात हुतं. मी ऊठले आन् आत गेले. आबा पेटी आमच्याच सोप्यात ठिवून गेले, परत न्यायला आले न्हाईत. ब्याटरी उतरली की आता सासरे साताऱ्याला नेत्यात.

पुढच्या भादव्यात आबा पडले, छातीत कफ झाला. सखू सांगत आली, तुजं नाव घेत्यात. मी गेले. जाऊ नये आसं वाटत हुतं, तरी गेले. अंगात त्योच सदरा. बोलताना धाप लागत हुती, तरी उठून ताठ बसायला बगत हुते. म्हनले, “शेवंता, एक खरं सांग. बारशाच्या आदल्या दिशी त्यो कागद तुज्याच हातात दिला आसता, तर?”

“तर मी वाट बगितली असती, आबा. माजी मी. त्या जतच्या गड्याला धरून इचारलं असतं, कुठं बगितलंस, कवा बगितलंस, जखमी हुते का चालत हुते. तुमी माजं वाट बगनंबी चोरलंसा.”

“व्हय,” म्हनले. मंग बाळूकडं बगून, “आन् पोरगं?”

बाळू माज्या मांडीवर हुता. मी त्याची टोपी सारखी करत बसले. आबांनी वाट बगितली माज्या उत्तराची, मंग कूस बदलली. तिसऱ्या दिशी गेले.

सरकारचा कागद पुन्हा आलेला न्हाई. कुकू मी लावते. पोस्टमनला सांगून ठिवलंय, माज्या नावचं माज्याच हातात, सासऱ्याच्याबी न्हाई. पर परवा सखू बाळंत झाली, आजून खाटंवर हाय ती, आन् मागं रजंवर येऊन गेलेला तिचा नवरा ज्या तुकडीत हाय तिचंच नाव काल मी ह्या वाट्यांतनं ऐकलं, आन् बातमी बरी न्हवती. सांजच्याला ती मला इचारनार. तुमी शिकलेली मान्सं हाईसा, पुस्तकं वाचनारी. तुमी काय केलं आसतं? माज्या जागी ऱ्हाऊ द्या, आबांच्या जागी तरी काय केलं आसतं?