सुलोचनाबायनी गोळी बंद केली

"दोतोर, खरां सांगा. ह्या गोळयेन माका कॅन्सर होतलो?"

कोरगावच्या सुलोचनाबायनी गोळ्यांची अख्खी स्ट्रिप माझ्या टेबलावर ठेवली. नवरा गेल्यावर त्यांना डिप्रेशन आलं होतं. वर्षभर ही गोळी घेऊन त्या पुन्हा काजूच्या बागेत जायला लागल्या होत्या. आता हात थरथरत होते, डोळे रडून सुजले होते. उभं राहिलं की गरगरत होतं. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी गोळी एकदम बंद केली होती.

कारण, फोनवर आलेला मेसेज: ही गोळी सेरोटोनिन वाढवते आणि सेरोटोनिन आतड्याचा कॅन्सर वाढवतं. त्यांच्या सख्ख्या भावाचं गेल्याच वर्षी त्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं.

मी पेडण्याला वीस वर्षं प्रॅक्टिस करते. "असल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका," हे ओठांवर आलं होतं. पण तो खोटा ठरवण्याइतकं मलाच ठाऊक नव्हतं.

"उद्या या. वाचून सांगते," म्हटलं.

सेरोटोनिन म्हणजे शरीरातला निरोप्या. मेंदूत ते मूड सांभाळतं. पण बहुतेक सेरोटोनिन तयार होतं आतड्यात, आणि तिथली हालचाल चालवतं. इथवर कॉलेजात शिकले होते. पुढचं वाचायला घेतलं आणि गोंधळले. एक संशोधनाचा पेपर म्हणतो, सेरोटोनिनने कॅन्सरची गाठ वाढते. दुसरा म्हणतो, आतड्यात ते कमी पडलं तरच पेशी बिघडून गाठ होते. त्यातले बरेच प्रयोग उंदरांवरचे. सुलोचनाबायना यातलं काय सांगायचं?

माझा वर्गमित्र सुदेश पणजीत पोटविकारतज्ज्ञ आहे. त्याला फोन लावला.

"यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही असू शकतं. सुरुवातीला एक काम, गाठ झाल्यावर दुसरं. पक्कं अजून कोणालाच माहीत नाही."

"आणि गोळी?"

"ती घेणाऱ्यांत हा कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही. सुरू कर. पण भावाला होता म्हणतेस, तर शौचातून रक्त जातं का, विचारलंस?"

ते मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. सुलोचनाबायनी मान खाली घातली. "दोन म्हयने जाता. मूळव्याध आसतली म्हणान सांगूक नाय."

गोळी त्याच दिवशी परत सुरू केली आणि त्यांना कोलोनोस्कोपीला पाठवलं. म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघणं. मोठ्या आतड्यात एक पॉलिप निघाला, बोराएवढा मांसाचा कोंब. सुदेशने तो तिथेच काढला. रिपोर्ट आला: कॅन्सर नाही, पण राहिला असता तर पुढे होऊ शकला असता.

"मगे तो गोळयेन आयलो?" त्यांनी विचारलं.

"तसं वाटत नाही. पण छातीठोक सांगता येणार नाही."

त्यांना ते पटलं. माझं उत्तर मलाच अजून पुरतं पटलेलं नाही. मात्र एक झालं. आता पेपर उघडण्याआधी मी पेशंटला पोटाचं विचारते.