ताईंनी दुमडलेलं पान

डॉ. शालिनी रेठरेकर यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त चंदीगडचं आपलं मराठी मंडळ हा गौरवग्रंथ काढत आहे. संपादकांनी मला ‘ताईंचं वाचन’ हा विषय दिला आणि फोन ठेवताना हळूच म्हणाले, “जरा गोड लिहा.” ताईंविषयी गोड लिहिणं मला जमेल असं वाटत नाही. त्याही कधी कोणत्या पुस्तकाविषयी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणजे अलीकडची काही वर्षं सोडली तर. मला लिहायचं आहे ते त्या वर्षांविषयीच.

आमची पहिली भेट मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाली. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरला राहायला आलो होतो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खरड गावच्या एका खासगी कॉलेजात मी शिकवायला लागले होते. रोज ही दोन टोकं गाठताना माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि दिवसभर कानावर मराठीचा एक शब्द पडायचा नाही. एका रविवारी मंडळात आले आणि कपाटातून एक रहस्यकथा काढली. मधल्या एका पानाचा कोपरा चांगला दाबून दुमडलेला होता.

“लोकांना काही शिस्तच नाही,” मी पुटपुटले.

“लोकांना नाही, मला नाही,” मागून आवाज आला. “खुनी त्या पानावर कळला मला.”

“अहो, पण मी अजून वाचलेलं नाही.”

“मग वाच की. तुला त्याच्या आधी कळला तर येऊन सांग. कुठली गं तू?”

“कोल्हापूरची.”

“मी रेठऱ्याची. म्हणजे आपण भांडायला हरकत नाही.”

मी ते पुस्तक दोनदा वाचलं. त्या पानाआधी मला काहीही कळलं नाही. पुढच्या कुठल्याच पुस्तकात कळलं नाही.

आपल्या जुन्या सभासदांना ही दुमड ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. रहस्यकथेत ताई गुन्हेगार ओळखला त्या पानाचा कोपरा दुमडतात. दुमड जितकी शेवटाकडे, तितकं पुस्तक चांगलं. इतर कादंबऱ्यांत दुमडीचा अर्थ वेगळा. लेखक जिथून खोटं बोलायला लागला असं त्यांना वाटतं, ते पान त्या दुमडतात. पुढचं वाचतात, पण दुसऱ्यांदा दुमडत नाहीत. “एकदा थाप मारली की पुढचं सगळं ती थाप सांभाळण्यातच जातं,” असं त्या म्हणतात.

हा स्वभाव त्यांच्या कामातून आला असावा. इथल्या वैद्यकीय संस्थेत पॅथॉलॉजी विभागात त्यांची सारी नोकरी झाली. कधी शवविच्छेदन करायचं, काचेवरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि आजाराचं नाव सांगायचं. त्यांची एक विद्यार्थिनी, आता स्वतः मोठी डॉक्टर आहे, मला सांगत होती. एका तरुण मुलीचा रिपोर्ट लिहिताना तिचा हात अडला आणि तिनं ‘शक्यता नाकारता येत नाही’ असं काहीसं मऊ लिहिलं. ताईंनी कागद परत केला. म्हणाल्या, “तिचा हात धरून बोलायला वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेत. आपण नाव लिहायचं. आपण मऊ लिहिलं तर त्यांनी उपचार कशावर करायचे?”

हल्लीच्या थरारकथांबद्दल त्यांच्या तक्रारी याच जातीच्या. “सगळ्या नायिकांना विस्मरण झालंय, आणि तेही नेमकं खुनाच्या रात्रीचंच.” किंवा, “तपास करणाऱ्याची बायको कायम सोडून गेलेली. घरी एखादीनं त्याचं ताट वाढून ठेवलं तर तपास बिघडतो काय?” शेवटच्या पानावर धक्का देण्यासाठी आधीची सगळी माणसं मोडून टाकणारे लेखक त्यांच्या विशेष रोषाचे धनी. पण त्यांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर असे. त्या म्हणायच्या, “मेलेल्या बाईच्या अंगावर जखमा किती हे पानभर लिहितात. ती हसायची कशाला, हे एका ओळीत लिहीत नाहीत. मी आयुष्यभर मेलेली माणसं बघितली. त्यातलं कुणीही मरण्यासाठी जन्माला आलं नव्हतं.”

गंभीर कादंबऱ्यांनाही सूट नव्हती. “ह्यांतल्या लोकांना नोकऱ्या असतात, पण ते कामावर कधी जात नाहीत. खिडकीत उभे राहतात.” चंदीगडवर कुणी काही लिहिलं की म्हणायच्या, “गुलाबाची बाग आहे, तळं आहे. खरड कुठाय? इंडस्ट्रियल एरिया कुठाय? ह्यांची माणसं बागेत राहतात का?” आणि एखादं पुस्तक मनापासून आवडलं तर एवढंच, “ह्यातली सासू खरी आहे.” असं वाक्य ऐकलं की आम्ही ते पुस्तक मिळवायला धावत असू.

त्यांच्या शेजारी बलविंदरजी राहतात. त्यांना मराठी येत नाही, पण हिवाळ्यात दोघी आपापल्या अंगणात उन्हाला बसल्या की भिंतीपलीकडून फर्माईश यायची, “डॉक्टर साब, आज किसकी धुलाई की?” मग ताई आपल्या रेठऱ्याच्या हिंदीत अख्खी कादंबरी सांगून तिची साल काढायच्या आणि बलविंदरजी शेंगा सोलत हसत राहायच्या.

माझी आई गेली तेव्हा मी कोल्हापूरला वेळेत पोहोचू शकले नाही. तेरावा करून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई झिरकपूरला आल्या. आमच्या त्या रस्त्यावरच्या गर्दीतून, रिक्षानं. सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत. मीच बोलत सुटले. आईनं मला मामाकडे ठेवून धाकट्याला आपल्याजवळ वाढवलं, त्याचा राग मी कुणाजवळ काढला नव्हता, तो त्यांच्यासमोर निघाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून एक थरारकथा काढून टेबलावर ठेवली.

“हे वाच. अगदी वाईट आहे.”

“मग कशाला?”

“चांगलं पुस्तक आत्ता झेपायचं नाही तुला. ह्याच्यावर चिडता तरी येईल.”

मी वाचलं आणि चिडले. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

त्याच वर्षात मी माझी पहिली कादंबरी लिहिली, एका मुलीची आणि तिच्या आईची. छापून आली तशी पहिली प्रत ताईंना दिली. त्यांनी ती परत आणून दिली तेव्हा मी त्यांच्यादेखत उघडायचं धाडस केलं नाही. त्या गेल्यावर एकेक पान बोटानं चाचपत गेले. दुमड नव्हती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही कोपरा मोडलेला नव्हता. त्या वर्षी मला एक पुरस्कारही मिळाला, पण लोकांना मी सांगत सुटले ती गोष्ट दुसरीच होती. ताईंना माझ्या पुस्तकात दुमडायला जागा सापडली नाही.

आता कर्नल भोईटे यांच्या पुस्तकाकडे येते. कर्नलसाहेब या ग्रंथाच्या संपादक मंडळात आहेत. त्यांनी हा भाग काढू नये, ही माझी विनंती. तो त्यांच्यासाठीच लिहिला आहे.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी थरारकथा लिहिली आणि तिचं प्रकाशन आपल्या मंडळाच्या सभागृहात झालं. ताईंना बोलायला बोलावलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कर्नलसाहेब, तुमची ती बाई नदीतून निघते ती झोपल्यासारखी दिसते. पाण्यात राहिलेलं माणूस तसं दिसत नाही. पण तेही चालेल. तिला नाव आहे, आणि पूर्ण पुस्तकात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. तुम्हाला ती फक्त मेलेली हवी होती.” मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं सगळं बिघडलं. ताई पुढे “आता दुमडीचं सांगते” असं म्हणत असतानाच सूत्रसंचालकांनी माइक घेतला आणि चहाची घोषणा केली.

मंडळात दर महिन्याला होणारी ताईंची वाचनसभा पुढच्या महिन्यापासून ‘तूर्त स्थगित’ झाली. हॉल ढोलपथकाच्या सरावाला हवा होता. मग मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची फेररचना झाली आणि नव्या ग्रुपमध्ये ताईंचं नाव घालायचं राहून गेलं. चुकून, असं मला सांगण्यात आलं. ती चूक दुरुस्त करायला कुणालाही सवड झाली नाही. यंदा गौरवसमितीला त्यांचा फोन नंबर माझ्याकडून घ्यावा लागला.

ताईंनी कुणाकडे तक्रार केली नाही. त्यांनी फक्त मत द्यायचं सोडलं. नवं पुस्तक नेऊन दिलं की वाचायच्या आणि परत देताना म्हणायच्या, “छान आहे.” सगळ्याच पुस्तकांना. कोपरे सरळ असायचे. मी मुद्दाम एक अत्यंत टुकार कादंबरी दिली.

“कशी वाटली, ताई?”

“छान आहे.”

“ताई, त्यात पोस्टमार्टेम दवाखान्याच्या व्हरांड्यात होतं.”

“हवेशीर असेल,” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी हसले नाही. एखाद्याचा आवाज बसावा तसं काहीतरी झालं होतं आणि ते बघायला मी एकटीच होते. एकटी नव्हते म्हणा. भिंतीपलीकडून बलविंदरजी मला म्हणाल्या, “बेटा, डॉक्टर साब अब किसी की बुराई नहीं करते. तबीयत तो ठीक है ना?”

त्याच काळात माझी दुसरी कादंबरी पुरी झाली. पुन्हा मुलगी आणि आई. त्याशिवाय मला बहुधा काही येत नाही. हस्तलिखित घेऊन मी ताईंच्या अंगणात गेले. मला एकच भीती होती. ते माझ्या हातात परत येईल आणि त्या दोन शब्द बोलतील.

“ताई, ह्याला छान म्हणू नका.”

“का? सगळ्यांना तेच तर हवं असतं.”

“मला नकोय.”

त्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला. “मग आधी पहिल्या पुस्तकाचं ऐकशील?”

मी हो म्हटलं. कौतुकच ऐकायचं होतं मला, दुसरं काय.

“त्यात दुमड का नव्हती माहितीये? कुठे घालणार? पहिल्याच पानावर त्या मुलीनं आईला माफ करून टाकलंय. झिरकपूरला माझ्यासमोर जी बसली होती, ती बाई त्या पुस्तकात मला कुठेच भेटली नाही.”

“तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुझी आई जाऊन वर्ष झालं नव्हतं गं. आणि मग तू गावभर सांगत सुटलीस. मी एकदाच मऊ लिहिलं, आणि बघ.”

मी घरी आले. त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले नाही, फोन केला नाही. कर्नलसाहेब, तुमच्यावर काय गुदरलं असेल ते मला तेव्हा कळलं. ज्यावर मी इतकी वर्षं मिरवले तो माझा सगळ्यात मोठा मान म्हणजे एका शोकातल्या बाईला दाखवलेली दया होती. हे मला अजून गोड लागलेलं नाही आणि लागेल असं वाटत नाही.

उन्हाळा सरताना ताईंनी बलविंदरजींच्या सुनेबरोबर हस्तलिखित पाठवून दिलं. सोबत आणखी एक पुस्तक होतं, कर्नलसाहेबांचं. मी आधी ते उघडलं. दुमड होती, पण इतकी मागे की पुढे मोजकीच पानं उरली होती. थरारकथेत ताईंची दुमड इतक्या शेवटाकडे मी आजवर पाहिलेली नाही. म्हणजे त्या दिवशी माइक हातातून गेला नसता, तर पुढचं वाक्य हे होतं. कर्नलसाहेब, तुमचा खुनी त्यांना अगदी शेवटपर्यंत सापडला नव्हता. एवढं ऐकायला आपण सगळे थांबलो असतो तर वाचनसभा चालू राहिली असती.

मग माझं हस्तलिखित. दुमड साधारण मध्यावर आहे. मुलीला आई गेल्याचा फोन येतो आणि क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटतं, ते हे पान. त्याच पानाच्या शेवटच्या ओळीत मी तिला रडवलं आहे. कोपरा असा दाबून मोडलाय की कागद तिथे पांढरा पडलाय. अर्ध्या पुस्तकापर्यंत मी खरं बोलले, असं एकुलत्या एका माणसाचं मत माझ्याजवळ आहे, आणि त्यात ‘छान’ हा शब्द नाही. मी फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “ती रडत नाही. पुढे काय करते ते तुलाच माहीत.”

समारंभात शाल, श्रीफळ, मानपत्र सगळं होईल. मानपत्रात ताईंना ‘वाचनसंस्कृतीचा आधारवड’ म्हटलेलं मी पाहिलं आहे. ताई त्या शब्दावर पान दुमडतील. त्यांना चार शब्द बोलायला सांगणार असाल तर माझी एक विनंती आहे. त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत माइक त्यांच्याच हातात राहू द्या.

शालिनीताई, दुमडीच्या पुढची सगळी पानं मी फाडली आहेत आणि पुन्हा लिहायला घेतली आहेत. मी फार हळू लिहिते, हे तुम्ही जाणताच. ती पानं तुम्ही वाचायची आहेत, म्हणून तुमचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, कोपरा मोडणाऱ्या बोटांतला जोर टिकून राहो आणि अंगणात तुमच्या खुर्चीवर पुष्कळ हिवाळ्यांचं ऊन पडो. मला घाई नाही. तुम्हीही करू नका.