बाईंचा डावा पाय

पडदा वर जातो. डाव्या विंगेत टायरांची उतरंड, उजवीकडे तेलानं काळं पडलेलं टेबल, आणि मधोमध, सगळा उजेड अंगावर घेऊन, लिफ्टवर चढवलेली एक पिवळी स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोनच सीटा, आणि बॉनेट एवढं लांब की वळणावर आधी ते पोचतं आणि मालकीण मागून येते. गाडीच्या पोटाखाली मान वर करून उभ्या असलेल्या, पांढऱ्या केसांच्या, काडीपैलवान अंगाच्या आमच्या शेजारीण या आपल्या नायिका. गल्लीत त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात.

बाईंनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. नाटकाचे दौरे थांबल्यावर मीही शिकले त्यांच्याकडेच. पहिल्याच दिवशी मी आरशात बघून पदर सारखा करत होते, तर शेजारून आवाज आला, “ताई, प्रेक्षक मागे नाहीत. रस्ता पुढे आहे.”

शिकवणं बंद केल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या विकल्या आणि ही पिवळी, कोणीतरी वापरलेली, घरी आणली. मुलगा म्हणाला, “आई, या वयात लोक गुडघे बदलतात.”

“माझे गुडघे बरे आहेत. गाडी जुनी झाली होती, ती बदलली.”

पण एका दुपारी पुलाच्या चढावर गाडीनं दगा दिला. इंजिन गळा काढून ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागे बस, बसच्या मागे शिव्या, आणि गाडीतून जळका वास. मुलाला ऑफिसातून येऊन ढकलावं लागलं. घामाघूम होऊन तो म्हणाला, “पांढरा हत्ती आहे हा. विकून टाकू.”

जुन्या गाड्यांच्या मंडळाची टेकडीवरची चढाई जवळ आली होती. बाई तिरीमिरीत बोलून बसल्या, “टेकडीच्या माथ्यावर पोचली तर गाडी राहील. मध्येच थांबली तर तू खुशाल विक.” एकदा बोललेला शब्द फिरवणं त्यांच्या रक्तात नाही. मुलानं गिऱ्हाईकही बघून ठेवलं.

म्हणून आम्ही त्या गॅरेजमध्ये उभ्या होतो. गॅरेजवाल्याला सगळे ‘मुका’ म्हणत, कारण तो दिवसाला मोजकी वाक्यं खर्च करी. त्यानं टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक शर्यतीच्या गाडीची क्लच प्लेट, तांबूस, फुलासारखी पाच पाकळ्यांची. दुसरा साधा क्लच सेट: गोल प्लेट, ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि बेअरिंग. बाईंनी जेवढे पैसे बाजूला काढले होते त्यात यातलं एकच काहीतरी बसत होतं.

बाईंचा हात सरळ पाकळ्यांकडे गेला. “स्पोर्ट्स कार आहे ही. तिला घरगुती क्लच घालू?”

“ही घेतलीत तर नुसती प्लेट येते. बाकीचं जुनंच राहील,” मुका म्हणाला. “शिवाय शहरात धक्के मारील.”

“मारू दे. टेकडी चढायचीय मला, पाळणा हलवायचा नाही.”

मुक्यानं गाडीतून काढलेलं जुनं बेअरिंग हातात घेतलं, बोटानं फिरवलं. ते खरखरलं. “बाई, रागावू नका. क्लचवर सतत पाय ठेवून चालवणाऱ्याचं बेअरिंग असं होतं.”

बाईंनी पाकळ्यांवरचा हात काढला. वाक्य विसरलेल्या नटासारख्या त्या माझ्याकडे वळल्या.

“मी? क्लचवर पाय?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “अरे, त्या सवयीपायी मी लोकांना भर रस्त्यात खाली उतरवलंय.”

“मी कुठं काय म्हणतो? बेअरिंग म्हणतंय.”

“पाकळ्यांचीच बसव.”

“उद्या सांगा,” मुका म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

घरी येऊन बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचे कप आदळले. मुलगा भिंतीला टेकून ऐकत होता. “कालचं पोर मला क्लच शिकवतं! डावा पाय कुठं ठेवायचा हे मी या गावाला शिकवलं,” असं म्हणताना त्यांनी टेबलावर थाप मारली आणि माझा चमचा खाली पडला. मी वाकले. तशीच वाकून राहिले.

“ताई, कंबर धरली का?”

“नाही. बाई, जरा खाली बघा. हलू मात्र नका.”

टेबलाखाली बाईंचा डावा पाय टाच टेकून, चवडा उचलून, हवेत दबा धरून बसला होता. उजवा बिचारा सरळ, गरीब गाईसारखा.

मुलानंही वाकून पाहिलं. “ती कायम अशीच बसते, मावशी. टीव्ही बघतानासुद्धा.”

शिकवण्याच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारा गडबडला की बाईंचा पाय आधीच तिथं हजर. अख्ख्या गावाला सांभाळता सांभाळता त्या पायाला खाली टेकायचंच माहीत राहिलं नव्हतं. आता शेजारी कोणी शिकाऊ नव्हतं, पण पाय अजून नोकरीवरच होता, आणि पिवळीचा क्लच रोज थोडा थोडा खात होता.

बाईंनी वाकून पायाकडे पाहिलं. मग एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. “घरचाच चोर निघाला गं बाई. आणि मी त्याला पाच पाकळ्यांचा फराळ आणून घालत होते.”

दुसऱ्या दिवशी साधा सेट बसला, पूर्ण, नव्या बेअरिंगसकट. बाई मुक्याला म्हणाल्या, “तुझं बेअरिंग खरं बोललं.” त्यानं नुसती मान हलवली आणि क्लचच्या डावीकडे उरलेल्या पत्र्याची एक पट्टी ठोकून दिली. पाय ठेवायला.

मग तालमी सुरू झाल्या. रोज सकाळी मी शेजारच्या सीटवर. माझं काम एकच: पाय पेडलकडे सरकला की शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात “पाय” म्हणायचं. पहिले काही दिवस माझा घसा बसला. पाय ऐकेना. बाई त्याला स्वतःच्या शिष्यासारख्या झापत, “अरे ठोंब्या, किती वेळा सांगायचं?”

चढाईच्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली. मुलगा, गिऱ्हाईक आणि मुका माथ्यावर उभे. अर्धा चढ छान गेला. आणि अगदी खड्या वळणावर आमच्या पुढची निळी गाडी आचके देऊन बंद पडली.

आम्हीही थांबलो. एका बाजूला दरी, समोर आभाळ. अशा वेळी भल्याभल्यांचा धीर सुटतो. हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरायचा मोह होतो, आणि तिथंच क्लच जळतो. मी तोंड उघडलं. पण बाईंनी हँडब्रेक ओढला होता आणि डावा पाय पट्टीवर होता. सबंध पाऊल. निवांत. निळीवाला घाम पुसत पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होता आणि बाई खिडकीतून हात काढून त्याला म्हणत होत्या, “सावकाश, बाळा. आम्हाला कुठं गाडी पकडायचीय?”

निळी सरकली. बाईंनी क्लच दाबला, गिअर टाकला, पाय अलगद सोडत आणला. पिवळीनं क्षणभर नाक उचललं. हँडब्रेक सुटला, आणि जी निघाली ती एकाच दमात, वळणामागून वळण गिळत, निळीला मागे टाकून थेट माथ्यावर. मी खूप टाळ्या ऐकल्या आहेत, पण त्या खुर्चीत बसलेल्या लोकांच्या. इथं माणसं धावत येऊन टाळ्या वाजवत होती.

मुक्यानं बॉनेटवर वाकून वास घेतला. “जळकं काही नाही,” म्हणाला, आणि त्या दिवसाचा कोटा संपवला. गिऱ्हाईक केव्हा निघून गेलं ते कोणी पाहिलंही नाही.

मुलानं येऊन दार उघडलं. छतावरून हात फिरवत उभा राहिला. मग लहानपणी मागत असेल तसं म्हणाला, “आई, खाली जाताना मी चालवू?”

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा चढवला.

“चालव की, पुढच्या वेळी. आज शेजारी बसून नीट बघ, आणि ताई येतील कोणाच्या तरी गाडीतून.”